जलरंगात शांत नदीबंदर: संयत छटांचे चित्र टप्प्याटप्प्याने कसे रंगवावे

संथ नदी, तिच्या काठचा जुना धक्का, बांधून ठेवलेल्या दोन-तीन होड्या आणि पलीकडचा धूसर किनारा हा विषय जलरंग शिकू लागलेल्या बहुतेकांना खुणावतो, कारण त्यात रेखाटायला फार वस्तू नसतात आणि रंगही थोडेच लागतात. प्रत्यक्ष रंगवायला घेतल्यावर मात्र दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सगळा कागद मळकट आणि निर्जीव दिसू लागतो, किंवा त्या मळकटपणाच्या भीतीने निळे आकाश, लाल होडी आणि हिरवीगार झाडे असे धीट रंग चित्रात शिरतात आणि बंदराची शांतता नाहीशी होते. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. प्रत्येक रंगात थोडा करडा मिसळला की चित्र संयत होते असे आपण गृहीत धरतो. पण चित्रातली शांतता टोन एकमेकांच्या जवळ ठेवल्यामुळे निर्माण होते. टोन म्हणजे एखादी छटा किती उजळ वा किती गडद आहे ते. रंग कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणूनच या लेखातले टप्पेही आधी टोन आणि मग रंग याच क्रमाने मांडले आहेत.

साहित्य

कागदाच्या बाबतीत तडजोड करू नये. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, शक्यतो पूर्ण सुती आणि मध्यम खरबरीत पृष्ठभागाचा, म्हणजे कोल्ड प्रेस प्रकारचा कागद घ्यावा. पातळ कागद पहिल्याच मोठ्या वॉशला, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या पसरट थराला, फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो. जलरंगाचा पूर्ण ताव ५६ × ७६ सेंटिमीटरचा असतो, त्याचा चतुर्थांश, म्हणजे २८ × ३८ सेंटिमीटरचा तुकडा सुरुवातीला पुरेसा आहे. तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर पक्का करावा. ब्रश तीनच लागतात: आकाश-पाण्यासाठी रुंद चपटा, मुख्य कामासाठी चांगले टोक असलेला मोठा गोल आणि दोरखंड-डोलकाठीसाठी लांब केसांचा बारीक. स्वच्छ पाण्याची दोन भांडी, एक सुती फडके आणि २बी पेन्सिल एवढ्यावर काम भागते.

रंग पाच पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट ब्लू, यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि लाइट रेड. काळा रंग घेऊ नये. तयार मिळणारा पेन्स ग्रे हाही निदान पहिल्या काही चित्रांत बाजूला ठेवावा, कारण तो हाताशी असला की करडा स्वतः मिसळण्याचा अभ्यास होतच नाही आणि चित्रभर एकच थंड करडा पसरतो.

करड्या छटांचा सराव

चित्राला हात लावण्यापूर्वी एक संपूर्ण बैठक केवळ करडे मिसळण्यासाठी द्यावी. हा वेळ वाया गेला असे वाटण्याची शक्यता आहे, परंतु पुढचे सगळे काम याच बैठकीवर उभे राहते.

अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना ही जोडी एकमेकांची तीव्रता मारते, कारण निळा आणि भाजल्या मातीचा नारिंगी-तपकिरी रंग हे जवळजवळ विरोधी रंग आहेत. निळा थोडा जास्त ठेवल्यास पावसाळी ढगाचा थंड करडा मिळतो, सिएना जास्त ठेवल्यास ओल्या लाकडाचा उबदार करडा मिळतो, आणि पाणी कमी करून दोन्ही घट्ट घेतले तर जवळजवळ काळा म्हणता येईल इतका गडद रंग तयार होतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे हा करडा सपाट न दिसता किंचित दाणेदार दिसतो, आणि धुक्यासाठी व दगडी धक्क्यासाठी तो दाणेदारपणा फार उपयोगी पडतो. दुसरी जोडी कोबाल्ट ब्लू आणि लाइट रेड यांची. तिच्यातून मोत्यासारखा, किंचित जांभळट झाक असलेला करडा मिळतो आणि दूरच्या किनाऱ्यासाठी मला तो सर्वांत योग्य वाटतो. त्यात यलो ओकरचा अगदी लहान अंश टाकला की जांभळट झाक कमी होऊन सकाळच्या आकाशाचा रंग तयार होतो.

कागदाच्या एका पट्टीवर प्रत्येक जोडीचे मिश्रण निळ्याकडून तपकिरीकडे थोडेथोडे बदलत नेऊन लावावे. लावताना हे रंग पॅलेटवर पूर्ण घोटून एकजीव करू नयेत. दोन्ही रंग कागदावर ओले असताना शेजारी सोडून त्यांना आपोआप मिसळू द्यावे. अशा करड्यात कुठे निळा तर कुठे तपकिरी डोकावत राहतो. पूर्ण घोटलेला करडा मात्र वाळल्यावर मेल्यासारखा दिसतो, आणि मळकट चित्रांचे पहिले कारण हेच असते. दुसरे कारण म्हणजे तीनपेक्षा जास्त रंग एकत्र करणे, विशेषतः त्यांत लाइट रेडसारखा अपारदर्शक रंग असताना. एक गोष्ट पट्टीवरच ध्यानात येईल, ती म्हणजे जलरंग वाळल्यावर ओल्या अवस्थेपेक्षा बराच फिका होतो. म्हणून ओला रंग डोळ्यांना योग्य वाटला, तर तो प्रत्यक्षात कमी पडणार हे धरूनच चालावे.

थोड्याच रंगांत नदी रंगवण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकातले डच चित्रकार यान फान गोयेन (१५९६–१६५६) यांनी नदीकाठ, नावा आणि ढगाळ आकाश यांची असंख्य तैलचित्रे तपकिरी, करड्या आणि फिक्या पिवळसर छटांच्या एवढ्याशा पल्ल्यात रंगवली, आणि तरीही त्या चित्रांत हवेचा दमटपणा जाणवतो. नवशिक्याने त्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती समोर ठेवून कोणता करडा उबदार आहे आणि कोणता थंड, एवढेच ओळखण्याचा सराव केला तरी डोळा तयार होऊ लागतो.

टोनचा आराखडा

आता पेन्सिलीने काडेपेटीच्या आकाराचे, फार तर पत्त्याएवढे, तीन-चार लहान आराखडे करावेत. त्यात तपशील नकोत, केवळ आकाश, दूरचा किनारा, पाणी, धक्का आणि होड्या यांचे मोठे आकार हवेत. कोरा कागद म्हणजे १ आणि पेन्सिलीने काढता येईल तो सर्वांत गडद टोन म्हणजे १० असे मानले, तर शांत बंदराचे जवळजवळ सगळे चित्र २ ते ६ या पट्ट्यात बसवावे. आकाश २, पाणी ३, दूरचा किनारा ३ किंवा ४, धक्का ५ आणि होड्या ६, अशी विभागणी सुरुवातीला चांगली साधते. ८ किंवा ९ एवढा गडद टोन एकाच लहानशा जागी, समजा जवळच्या होडीच्या आतल्या सावलीत, राखून ठेवावा आणि कोऱ्या कागदाचा शुभ्रपणाही अशाच एका छोट्या जागेपुरता. ही काटकसर सांभाळली तर रंग कोणतेही असोत, चित्र शांत राहते.

टोन आणि रंग किती वेगळ्या गोष्टी आहेत याचे उत्तम उदाहरण फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या १८७२ सालच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रात मिळते. सेन नदीच्या मुखावरील ल आव्र बंदराचे हे दृश्य असून त्यातला नारिंगी सूर्य राखी-निळसर धुक्यात पेटल्यासारखा भासतो. मात्र त्या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र पाहिले तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्याचा टोन भोवतालच्या आकाशाएवढाच आहे. सूर्य उठून दिसतो तो केवळ रंगाच्या उबेमुळे. अमेरिकी चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर यांनी १८७० च्या दशकात लंडनच्या थेम्स नदीची जी रात्रीची दृश्ये रंगवली आणि ज्यांना त्यांनी नॉक्टर्न म्हटले, त्यांत तर नदी, पूल आणि आकाश एकमेकांत विरघळण्याच्या बेतात असतात. व्हिस्लर समोरचे दृश्य डोळ्यांत साठवून नंतर चित्रशाळेत स्मरणाने, अतिशय पातळ केलेल्या तैलरंगात काम करीत. स्मरणातून गाळून जे उरते तेवढेच रंगवण्याची ही पद्धत नवशिक्यांनीही अवलंबून पाहावी: छायाचित्रावरून आराखडा करून झाल्यावर छायाचित्र उलटे ठेवावे आणि पुढचे चित्र आराखड्यावरूनच रंगवावे. छायाचित्र समोर राहिले की प्रत्येक खिडकी आणि प्रत्येक दोरी रंगवण्याचा मोह आवरत नाही.

रेखाटन

क्षितिजरेषा कागदाच्या बरोबर मध्यावर घेऊ नये. पाणी हा मुख्य विषय असेल तर ती वरच्या तिसऱ्या भागाजवळ, आणि आकाशाला महत्त्व द्यायचे असेल तर खालच्या तिसऱ्या भागाजवळ घ्यावी. नदीचा काठ, धक्क्याची कड आणि पाण्यावरचे पट्टे यांत आडव्या रेषांचे प्राबल्य असते आणि शांततेचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येतो; डोलकाठ्यांच्या दोन-तीन उभ्या रेषा त्या आडव्या रेषांना तोलून धरतात. त्या सारख्या उंचीच्या आणि सारख्या अंतरावर मात्र नसाव्यात.

होडी काढणे अनेकांना अवघड वाटते, म्हणून ती थेट काढू नये. आधी यथार्थदर्शनानुसार (पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे दूरची वस्तू लहान दिसण्याचा नियम) एक लांबट पेटी काढावी, तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूवर लांबीच्या दिशेने मध्यरेषा घ्यावी, आणि मग त्या मध्यरेषेच्या पुढच्या टोकाशी दोन्ही कडा गोलाईने आणून मिळवाव्यात. होडीची वरची कड सरळ नसते. ती मध्यभागी किंचित खाली येते आणि दोन्ही टोकांकडे वर चढते. ही एकच वळणदार रेषा नीट आली तर होडी होडीसारखी दिसते. त्याउलट पाण्याला टेकलेली रेषा पाण्याच्या पातळीतच राहिली पाहिजे, अन्यथा होडी उतारावर घसरत असल्यासारखी वाटते.

रचना तपासण्यासाठी दोन नियम लक्षात ठेवावेत. क्षितिजरेषा ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी असल्यामुळे सारख्या आकाराच्या सर्व होड्यांना, त्या जवळ असोत वा दूर, क्षितिजरेषा त्यांच्या उंचीच्या एकाच प्रमाणात छेदते. जवळच्या होडीची डोलकाठी अर्ध्यावर छेदली गेली असेल तर दूरच्या तशाच होडीचीही अर्ध्यावरच छेदली गेली पाहिजे. दुसरे असे की, प्रत्येकी एकाच नांगराला किंवा तरंगत्या खुणेला बांधलेल्या होड्या वारा मंद असताना प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे सगळ्या एकाच दिशेला वळून उभ्या राहतात. वेगवेगळ्या दिशांना तोंडे असलेल्या होड्या काढल्या तर नदीचा प्रवाहच चित्रातून नाहीसा होतो. धक्क्याला बांधलेल्या होड्या मात्र धक्क्याला समांतर असतात.

पहिला वॉश

फळी मागून थोडी उचलून तिला हलका उतार द्यावा. स्वच्छ पाण्याने संपूर्ण कागद ओला करावा आणि पृष्ठभागाची चकाकी थोडी ओसरेपर्यंत थांबावे. त्यानंतर वरून यलो ओकर व लाइट रेड यांचे अत्यंत फिके, उबदार मिश्रण पसरवावे आणि ते ओले असतानाच वरच्या कोपऱ्यांतून कोबाल्टचा करडा उतरू द्यावा. हा वॉश क्षितिजाशी न थांबवता तसाच खाली पाण्यात न्यावा, कारण शांत पाणी आकाशाचेच रंग धारण करते आणि दोन्ही एकाच वॉशमध्ये आले की चित्राला सुरुवातीपासून एकसंधपणा येतो. खालच्या कडेकडे येताना करडा थोडा दाट करावा. यामागे भौतिक कारण आहे. दूरचे पाणी आपण फार तिरक्या कोनातून पाहतो, तेव्हा त्यावर पडलेला बहुतांश प्रकाश परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. पायांजवळच्या पाण्याकडे पाहताना कोन उभा होतो, परावर्तन घटते आणि पाण्याचा स्वतःचा गढूळ वा हिरवट रंग दिसू लागतो. अगदी सरळ खाली पाहिल्यास पाण्याच्या पृष्ठभागावरून केवळ २ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित होतो.

वॉश एकदा लावल्यावर त्यात पुन्हा ब्रश घालू नये. अर्धवट वाळलेल्या रंगाला जास्त ओला ब्रश लागला की पाणी बाहेर ढकलले जाऊन फाटक्या कडांचे डाग उमटतात. पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागत असेल तर तो अजून ओला आहे असे समजावे.

दूरचा किनारा

येथे थोडक्यात काम संपवावे. क्षितिजाजवळची पट्टी पुन्हा हलकी ओली करून कोबाल्ट आणि लाइट रेडचा करडा एकाच हाताने आडवा ओढावा, वरची कड ओल्या कागदात विरू द्यावी आणि खालची कड, जिथे किनारा पाण्याला भेटतो, तेवढी सरळ ठेवावी. झाडे, घरे, खिडक्या यांपैकी काहीही वेगळे दाखवू नये. अंतर वाढते तसा टोनमधला फरक कमी होतो, आणि धूसर हवेत तर पलीकडचा किनारा हा एकच सपाट आकार असतो.

धक्का आणि होड्या

धक्क्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचे उबदार मिश्रण घ्यावे आणि दगडांच्या फटी दोन-चार ठिकाणीच सुचवाव्यात. भरती-ओहोटी पोचते अशा नदीत धक्क्याच्या खालच्या भागावर पाण्याच्या चढ-उतारामुळे ओला, शेवाळलेला गडद पट्टा असतो. तो रंगवल्याने धक्का पाण्यात रुतल्यासारखा घट्ट बसतो आणि नदी कोणत्या वेळेची आहे हेही कळते. होड्यांचे बाहेरचे अंग एकाच ब्रशफटकाऱ्यात, प्रकाशाच्या बाजूला फिके आणि सावलीच्या बाजूला दाट असे रंगवावे. दोन होड्या एकमेकींना चिकटून असतील तर त्यांच्या मधली कड काही ठिकाणी हरवू द्यावी. प्रत्येक कड धारदार ठेवली की नजर एकेका वस्तूवर अडखळत राहते. या चित्रात धारदार कड फक्त मुख्य होडीच्या भोवती असावी.

प्रतिबिंबे

या चित्राचा प्राण प्रतिबिंबांत आहे आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात, म्हणून हा टप्पा घाई न करता समजून घ्यावा. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या दिशेत पडते. ते सावलीप्रमाणे सूर्याच्या दिशेनुसार बाजूला सरकत नाही. डोलकाठी डावीकडे कललेली असेल तर तिचे प्रतिबिंबही डावीकडेच कलते. ती पाहणाऱ्याकडे झुकलेली असेल तर प्रतिबिंब तिच्यापेक्षा लांब दिसते, आणि पलीकडे झुकलेली असेल तर आखूड. शिवाय प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी प्रत नव्हे. पाणी आपल्याला ती वस्तू खालच्या बाजूने दाखवत असते, त्यामुळे होडीचा आतला भाग वर दिसत असला तरी प्रतिबिंबात तो दिसत नाही, आणि तिरक्या फळीची किंवा छोट्या पुलाची खालची बाजू, जी वरून दिसत नाही, ती प्रतिबिंबात दिसते. धक्क्यापासून मागे असलेल्या इमारतीचा खालचा भाग प्रतिबिंबात धक्क्याच्या आड जातो.

टोनच्या बाबतीत गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित उजळ आणि उजळ वस्तूचे किंचित गडद असते. दोन्ही मध्याकडे सरकत असल्यामुळे पाण्यातले टोन वरच्या टोनपेक्षा आणखी जवळ येतात, आणि नदीबंदराचा विषय संयत चित्राला इतका अनुकूल का आहे याचे कारण मला यातच दिसते. ही प्रतिबिंबे रंगवण्यापूर्वी पाण्याचा तेवढा भाग ओला करावा, रंग वस्तूपासून सुरू करून उभ्या दिशेने खाली ओढावा आणि टोक मोकळे सोडावे. किंचित लहरी असतील तर प्रतिबिंबे लांबतात आणि खालच्या टोकाशी आडव्या तुकड्यांत तुटतात; हे तुकडे जवळ मोठे आणि दूर बारीक होत जातात. कागद ओलसर असतानाच स्वच्छ, पिळून घेतलेल्या चपट्या ब्रशने एक-दोन आडव्या फिक्या रेषा उचलून काढाव्यात. वाऱ्याची झुळूक लागलेला पाण्याचा पट्टा असाच दिसतो आणि उभ्या प्रतिबिंबांना छेदून तो पाण्याला सपाटपणा देतो. दोनपेक्षा जास्त पट्टे काढण्याचा मोह टाळावा.

गढूळ नदीत वस्तूची सावलीही पाण्यावर दिसते, कारण पाण्यातले मातीचे कण तिला पडद्यासारखे धरतात. स्वच्छ पाण्यात ती क्वचितच जाणवते. ढगाळ वा धुकट प्रकाश निवडला असेल तर सावली सोडून द्यावी.

शेवटचे गडद आणि एक उबदार ठिपका

आता राखून ठेवलेला सर्वांत गडद टोन होडीच्या आत आणि तिच्या तळाशी, पाण्याला टेकणाऱ्या बारीक रेषेत वापरावा. डोलकाठ्या आणि दोरखंड बारीक ब्रशने, मनगट न टेकवता एका दमात ओढावेत. रेषा मध्येच तुटली तर ती जोडू नये. सैल दोर नेहमी खाली झोक घेतो, ताणलेला सरळ असतो, आणि शांत बंदरातले बहुतेक दोर सैलच असतात. शेवटी लाइट रेडचा, हवा तर थोडा ओकर मिसळलेला, एक लहानसा ठिपका एखाद्या होडीच्या पट्टीवर किंवा माणसाच्या कपड्यावर द्यावा आणि त्याची फिकी खूण पाण्यातही उतरवावी. भोवती इतके करडे असताना हा साधा मातकट लालसुद्धा तेजस्वी भासतो. त्याचा टोन मात्र शेजारच्या छटेएवढाच ठेवावा.

तपासणी आणि जपणूक

चित्र वाळल्यावर त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन तो कृष्णधवल करून पाहावा. लाल ठिपका जवळजवळ विरघळला, होडीचा आतला गडद एकटाच उठून दिसला आणि पाणी व आकाश एकमेकांना लागून राहिले तर आराखडा साधला आहे. पाणी आकाशापेक्षा फार उजळ दिसत असेल तर अल्ट्रामरीन-सिएनाचा अतिशय पातळ वॉश चपट्या ब्रशने एकदाच आडवा फिरवावा. एखादा भाग फार गडद झाला असेल तर तो ओला करून अर्धे मिनिट थांबावे आणि फडक्याने दाबून टिपावे. घासल्यास कागदाचे तंतू उठतात. या पाच रंगांपैकी ओकर, सिएना आणि लाइट रेड हे लोहयुक्त मातीचे रंग आहेत आणि दोन्ही निळ्यांप्रमाणेच ते उजेडात टिकाऊ असतात, तरीही चित्र थेट उन्हात टांगू नये. कागदाला बाक आला असेल तर चित्राच्या मागच्या बाजूवर हलका ओलावा देऊन ते दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवावे आणि वर जड पुस्तके रचून रात्रभर दाबून ठेवावे. चौकटीत बसवताना काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची खिडकी, म्हणजे माउंट, घालावा. तो पांढराशुभ्र न घेता फिक्या राखी किंवा मोतिया रंगाचा घ्यावा, कारण शुभ्र माउंटपुढे चित्रात जपलेला कोऱ्या कागदाचा उजेड फिका पडतो.